भाच्यासाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर न्यायचाय, कोणता नेऊ?

डॅलसचा मामा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात तीन आठवडे सांगलीला येतोय. भाचा इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईचा फोन आला, "येताना त्याच्यासाठी तो ग्राफवाला कॅल्क्युलेटर आण, तिकडं चांगला मिळतो म्हणे." मी कॉमर्सचा माणूस. दुकानात जाऊन उभा राहिलो तर टीआय-८४ प्लस सीई, टीआय-एनस्पायर सीएक्स २, त्याचाच सीएएस नावाचा भाऊ, कॅसिओ एफएक्स-सीजी५०. ऑनलाइन बघितलं तर त्यात एचपी प्राइमची भर. शंभर-दीडशे डॉलरच्या आसपासचा मामला आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं मुख्यालय आमच्या गावातच, त्यामुळे ऑफिसातले सगळे डोळे मिटून टीआय म्हणतात.
पैशाची अडचण नाही, पण पोराच्या खरोखर उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे. इंजिनीअर मंडळींनी सांगावं, कोणता घेऊ?

मेकॅनिकलवाला
मामा, कोणता घ्यायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, परीक्षेच्या हॉलमध्ये काय चालतं? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नॉन-प्रोग्रामेबल, म्हणजे ज्यात स्वतःचे प्रोग्राम लिहून ठेवता येत नाहीत असा, सायंटिफिक कॅल्क्युलेटरच चालतो. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, डिप्लोमाच्या पेपरवर तसं चक्क छापलेलं असतं आणि पुढच्याच सूचनेत मोबाईल आणि पेजर आणू नये असंही. तुम्ही लिहिलेले सगळेच्या सगळे प्रोग्रामेबल आहेत, त्यामुळे ते परीक्षेला बाद. भाच्याच्या कॉलेजचा नियम आधी विचारून घ्या.
अवांतर: पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पेपरवर आमच्या वेळी सूचना असायची की लॉग टेबल, स्लाइड रूल, मोलियर चार्ट, इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल वापरण्यास परवानगी आहे.

चिंचगुळ
स्लाइड रूल चालते? आजोबांची माळ्यावर आहे, उद्याच काढतो.

निळी शाई
मेकॅनिकलवाल्यांशी सहमत. मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते आणि सुपरव्हिजनही करते. हॉलमध्ये सुपरव्हायझर मॉडेल नंबरची यादी घेऊन फिरत नाही. त्याला दिसतो तो मोठा पडदा. ग्राफचा कॅल्क्युलेटर दिसला की तो बाजूला ठेवायला सांगणार, आणि मग तीन तासांच्या पेपरला ते पोर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार. दोनदा असं डोळ्यांसमोर झालंय, दोन्ही वेळा मला फार वाईट वाटलं, कारण पोरं अभ्यासू होती. एकाच्या काकांनी परदेशातून हौसेनं पाठवलेला होता.
म्हणून माझं मत: परीक्षेसाठी कॅसिओ ९९१ घराण्यातला एक साधा सायंटिफिक, आणि तो दुसऱ्या वर्षापासूनच हाताखाली असावा. शेवटच्या आठवड्यात घेतलेला कॅल्क्युलेटर उपयोगाचा नसतो, बोटांना बटणं ओळखू यावी लागतात.

विजेरी
मी इलेक्ट्रिकलची, पॉवर सिस्टिम्समध्ये काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
आमच्या शाखेत ग्राफपेक्षा मोठी गरज असते कॉम्प्लेक्स आकड्यांची, म्हणजे खरा आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्यांची. एसी सर्किटचं मेश ॲनालिसिस (सर्किटमधल्या प्रत्येक बंद वळणातला, म्हणजे मेशमधला, करंट काढणं) करायचं तर इंपिडन्सचं, म्हणजे एसीला होणाऱ्या विरोधाचं, मॅट्रिक्स होतं आणि त्यातली प्रत्येक संख्या कॉम्प्लेक्स असते. ९९१एमएस किंवा ९९१ईएस प्लस कॉम्प्लेक्स संख्यांची बेरीज-गुणाकार-भागाकार उत्तम करतात, पण मॅट्रिक्समध्ये किंवा समीकरणांच्या मोडमध्ये कॉम्प्लेक्स घालू देत नाहीत. गंमत म्हणजे नावाजलेला टीआय-८४ प्लससुद्धा मॅट्रिक्समध्ये कॉम्प्लेक्स घेत नाही. एचपी प्राइम घेतो, एनस्पायर घेतो, जुना टीआय-८९ही घेतो. तेव्हा इलेक्ट्रिकलवाल्यासाठी "सगळ्यात खपणारा तो चांगला" हा हिशेब चुकतो.
आता ९९१ वरची युक्ती. कॉम्प्लेक्स समीकरणाचे खरा भाग आणि काल्पनिक भाग वेगळे लिहायचे. j म्हणजे −१चं वर्गमूळ. (A + jB)(x + jy) = p + jq याची दोन साधी समीकरणं होतात: Ax − By = p आणि Bx + Ay = q. म्हणजे दोन मेश असले की चार अज्ञातांची चार समीकरणं. ९९१ईएक्स चार अज्ञातांपर्यंत सोडवतो, ईएस प्लस आणि एमएस तीनपर्यंतच. तीन मेश आले की सहा अज्ञात होतात आणि युक्ती संपते.
मामा, भाच्याला माझ्याकडून एक उदाहरण द्या. पहिल्या मेशमध्ये १० व्होल्ट, कोन शून्य, आणि ३ ओहमचा रेझिस्टर. दोन्ही मेशमध्ये सामाईक j४ ओहमचा इंडक्टर. दुसऱ्या मेशमध्ये २ ओहम आणि −j३ ओहमचा कपॅसिटर. दोन्ही मेश करंट काढून दाखव म्हणावं. हातात आहे त्याच कॅल्क्युलेटरवर.

डॅलसचा मामा
अरे बापरे, मी दुकानाच्या दारातून मागं फिरलोच म्हणायचं! निळी शाई, तुम्ही लिहिलेले काका मीच व्हायला निघालो होतो. विजेरीताई, उदाहरण जसंच्या तसं भाच्याला पाठवलंय. ते सीएएस म्हणजे काय हेही कुणी सांगा.

गेटपास
सीएएस म्हणजे अक्षरांत गणित करणारा. साध्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरला x²चं इंटिग्रेशन ० ते १ दिलं तर तो ०.३३३३ सांगतो. सीएएसवाला मर्यादा न देताही x³/३ असं उत्तर देतो, अवयव पाडतो, डेरिव्हेटिव्हचं सूत्र लिहून दाखवतो. म्हणूनच बऱ्याच परीक्षांत त्याला बंदी.
आणखी एक. भाचा पुढे एमटेकसाठी गेट परीक्षा देणार असेल तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. स्क्रीनवर एक व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर असतो आणि तो माऊसने चालवावा लागतो. त्यात ना मॅट्रिक्स, ना कॉम्प्लेक्स मोड. मी वर्षभर ९९१वर सराव केला आणि पहिल्या मॉक टेस्टला नुसत्या आकडेमोडीत वेळ गेला. तेव्हापासून सगळा सराव त्या व्हर्च्युअलवरच केला.

पाऊलवाट
मंडळी, एकविसावं शतक चालू आहे. फोन आहे ना खिशात? डेस्मॉस फुकट, जिओजेब्रा फुकट आणि त्यात सीएएससुद्धा. एचपी प्राइमचं लाइट ॲप फुकट मिळतं, नमवर्क्सचं ॲपही. संगणकावर सायलॅब, ऑक्टेव्ह, पायथन. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे सायलॅबचं शिकवण्याचं साहित्यही भरपूर आहे. दीडशे डॉलर कशासाठी घालवायचे? त्या पैशात चांगली पुस्तकं येतील.

एंटरबहाद्दर
पाऊलवाट, फोन उघडला की गणिताआधी तीन निरोप दिसतात. माझं म्हणणं सरळ आहे, वेगळं यंत्र हवं. आणि बटणं हवीत. काचेवर बोट फिरवून आकडेमोड करणं म्हणजे पेटीचे सूर भिंतीवर बडवण्यासारखं.
मी १९९५ साली एमएस करायला अमेरिकेत आलो तेव्हा पहिल्या स्टायपेंडमधून एचपी-४८जी घेतला. आरपीएन, म्हणजे आधी आकडे आणि मग क्रिया. (३ + ४) × ५ करायचं तर ३ एंटर ४ + ५ ×. कंस नाहीत, बरोबरचं चिन्ह नाही. पहिले चार दिवस डोकं उलटं झाल्यासारखं वाटतं. मग कळतं, की आपण कागदावर हाताने सोडवतो तो क्रमच हा आहे. लांबलचक पदावली आतून बाहेर सोडवत यायची, मधलं प्रत्येक उत्तर समोर दिसतं आणि चूक तिथल्या तिथे सापडते. १९७२चा एचपी-३५ याच पद्धतीचा होता. खिशात मावणारा तो पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, किंमत तेव्हाचे ३९५ डॉलर. त्याने बघता बघता स्लाइड रूल संपवल्या.
एचपी ५०जी २०१५ साली बंद झाला तेव्हा मला खरंच रुखरुख लागली. प्राइममध्ये आरपीएन आहे, पण जुन्या यंत्रांची सर नाही. माझा ४८जी अजून चालतो. बटणांचा तो खट आवाज अजून तसाच आहे.

चिंचगुळ
काका, तुमच्या पोस्टचं शेवटचं वाक्य आरपीएनमध्ये लिहा ना: "आवाज एंटर बटण एंटर खट."

एंटरबहाद्दर
हा हा! क्रिया शेवटी आली, म्हणजे बरोबर आहे. मराठी मुळातच आरपीएन. "मी आंबा खाल्ला." आधी कर्ता आणि कर्म, मग क्रियापद.

मेकॅनिकलवाला
हे भारी आहे. आमच्या मास्तरांनी असं शिकवलं असतं तर!

सोनचाफा
आमच्या घरची गोष्ट वेगळी, कारण मुलगी पुण्यात आयबी डिप्लोमा करतेय. तिथे ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, पण सीएएस चालत नाही. ॲनालिसिस अँड अप्रोचेस घेतलं तर पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय. ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशनला सगळ्या पेपरांना कॅल्क्युलेटर. आम्ही कॅसिओ सीजी५० घेतला, मुख्य कारण म्हणजे चार ट्रिपल-ए सेलवर चालतो. पेपरच्या आदल्या रात्री चार्जरची शोधाशोध नको. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.
एक सावधगिरी: परीक्षेआधी एक्झाम मोड लावतात. आमच्याकडे सराव परीक्षेच्या वेळी नुसता मोड न लावता पूर्ण रीसेट मारला गेला आणि तिने हौसेनं लिहिलेले सगळे प्रोग्राम गेले. रडवेली झाली होती. आधी संगणकावर उतरवून ठेवा.

यारा काठावरून
मेलबर्नमधून लिहितोय. इथे व्हिक्टोरियात बारावीच्या मॅथेमॅटिकल मेथड्सला सीएएसच लागतो. पहिल्या परीक्षेत कॅल्क्युलेटरही नाही आणि नोट्सही नाहीत, दुसरीत सीएएस आणि स्वतःची एक बांधलेली वही. तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये मात्र साधा सायंटिफिक. एका देशात दोन राज्यांत दोन नियम! आमच्या शेजारचं कुटुंब सिडनीहून इथे आलं तेव्हा मुलाला वर्षाच्या मध्यात क्लासपॅड हा कॅसिओचा सीएएस कॅल्क्युलेटर शिकायला लागला. म्हणून मेकॅनिकलवाल्यांचा मुद्दा दुसऱ्या खंडातूनही खरा: परीक्षा ठरवते. अमेरिकेतही एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला टीआय-८९, प्राइम वगैरे सीएएस यंत्रं चालत नाहीत.

पूलवाला
सिव्हिलवाला, ओहायो. अमेरिकेत इंजिनीअर म्हणून परवाना हवा तर एफई आणि मग पीई परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या मान्य यादीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर एकही नाही. कॅसिओचे एफएक्स-११५ आणि एफएक्स-९९१ हे शब्द नावात असलेले, एचपीचे ३३एस आणि ३५एस, टीआयचे टीआय-३०एक्स आणि टीआय-३६एक्स, बस्स. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांनी चार वर्षं टीआय-८४ वापरलेला, त्यांना परीक्षेसाठी नवीन यंत्रावर हात बसवावा लागला. मी दादरला घेतलेला, झाकणावर आईने नेलपॉलिशने माझं नाव लिहिलेला ९९१एमएस घेऊन गेलो. एफई त्यावरच पास झालो. तो अजून ऑफिसच्या खणात आहे आणि मी तो कुणाला देत नाही.

रानजाई
पूलवाला, नेलपॉलिश! आमच्याकडेही तेच. वर्गातले साठच्या साठ कॅल्क्युलेटर सारखे दिसायचे, म्हणून प्रत्येकीचा रंग वेगळा.

खडू-फळा
उशिरा आलो. निवृत्त गणित शिक्षक आहे, इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला एकतीस वर्षं शिकवलं. एवढ्या चर्चेत ग्राफबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.
माझ्याकडे एका विद्यार्थ्याने दिलेला जुना टीआय-८४ प्लस होता. त्याच्या पडद्यावर आलेख काढायला आडवे ९५ ठिपके. म्हणजे तो x च्या फक्त ९५ किमती घेतो आणि त्या जोडतो. आता x ० ते २π ठेवा आणि sin(९५x) काढायला सांगा. पडद्यावर येईल एकच सुबक लाट, हुबेहूब sin x! आणि sin(९४x) सांगितलं तर सपाट रेघ. कारण सोपं आहे. दोन ठिपक्यांमधलं अंतर २π/९४. तेवढ्या अंतरात sin(९४x)चं एक पूर्ण आवर्तन होऊन जातं, म्हणून प्रत्येक ठिपक्यावर किंमत शून्य. sin(९५x) एक आवर्तन आणि वर थोडंसं पुढे सरकतं, आणि ते "थोडंसं" नेमकं sin x एवढंच असतं. रंगीत सीईवर हेच २६५ आणि २६४ घालून बघा.
हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करायचो. आधी मुलांना विचारायचो, किती लाटा दिसतील? पंचाण्णव, असं ठामपणे सांगायची. मग पडदा दाखवायचो. त्या क्षणी वर्गात जी शांतता व्हायची तिच्यासाठी मी शिकवत राहिलो. पुढे सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एलियासिंग (कमी नमुने घेतल्याने वेगवान लाट संथ दिसणं) आणि सॅम्पलिंग प्रमेय आलं की तीच मुलं येऊन सांगायची, सर, हे तर तेच आहे.
ग्राफिंग कॅल्क्युलेटर असा वापरणार असाल तर जरूर न्या. नुसता परीक्षेत मार्क मिळवायला नेणार असाल तर नको.

पाऊलवाट
खडू-फळा सर, आत्ता नमवर्क्सच्या ॲपवर तसंच करून बघितलं, त्याच्या पडद्याच्या ठिपक्यांचा आकडा शोधून. खरंच फसतो! मी माझा मुद्दा थोडा बदलतो. यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही, पण मुलाने फोनवर का होईना, असं खेळायला हवं.

निळी शाई
सर, सुंदर. एक भर घालते. तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्समध्ये बोडे प्लॉट (फ्रीक्वेन्सीनुसार सिस्टिमचा प्रतिसाद दाखवणारा आलेख) सेमी-लॉग कागदावर हातानेच काढावा लागतो आणि काढावाच. पण काढून झाल्यावर y = २० log(१/√(१ + x²)) यंत्रावर बघितलं की कळतं, आपण सरळ रेघांनी जो कोपरा काढतो तिथे खरी वक्ररेषा ३ डेसिबलने खाली असते. आधी हात, मग यंत्र. उलट केलं तर हात शिकत नाही.

एंटरबहाद्दर
निळी शाई, इथे मात्र थोडा मतभेद. काहींना आधी चित्र दिसलं तरच हात चालवावासा वाटतो. मी तसाच होतो. मला बोडे प्लॉट ४८जीच्या छोट्या पडद्यावर आधी कळला, कागदावर नंतर.

निळी शाई
तसंही असेल. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतात हे मान्य. पण परीक्षेला कागदच असतो, म्हणून मी माझा हट्ट सोडत नाही.

डॅलसचा मामा
काल भाच्याशी तासभर बोललो. सगळा धागा त्याला वाचून दाखवला. निघालं असं, की त्याच्याकडे ताईने म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीने वापरलेला ९९१एमएस आहे आणि त्यात कॉम्प्लेक्स मोड आहे हेच त्याला दीड वर्ष ठाऊक नव्हतं! सगळे फेजर, म्हणजे लांबी आणि कोनात लिहिलेले व्होल्टेज-करंट, तो साइन-कोसाइन घेऊन हाताने करत होता. कॉलेजचा नियमही विचारून आला, नॉन-प्रोग्रामेबलच.
ठरलं ते असं. ९९१ईएक्स तो सांगलीतच घेणार, पैसे मी पाठवले. एचपी प्राइमचं लाइट ॲप आणि जिओजेब्रा फोनवर उतरवून दिलंय. डिसेंबरपर्यंत तो ते खरंच वापरतो का बघतो. वापरत असेल तर प्राइम घेऊन येईन, कारण विजेरीताईंचा तीन मेशवाला मुद्दा मला, कॉमर्सवाल्यालाही, पटला.
आणि विजेरीताई, तुमचं उदाहरण. त्याने जुन्या एमएसवरच सोडवलं. म्हणतो, चार समीकरणं याला झेपत नाहीत, म्हणून क्रेमरच्या नियमाने, म्हणजे डिटर्मिनंटना भागून, कॉम्प्लेक्स मोडमध्ये केलं. डिटर्मिनंट १८ + j११ आला. पहिला करंट १.०५६ − j०.०९०, दुसरा ०.९८९ + j१.६१८. बरोबर आहे का? तो रात्री अकरापासून विचारतोय.

विजेरी
अगदी बरोबर! आणि मी सांगितलेल्या वाटेपेक्षा त्याची वाट छान आहे, दोन मेशसाठी क्रेमरच सोयीचा. त्याला माझी शाबासकी सांगा. पहिला करंट फेजरमध्ये १.०६०, कोन −४.८७ अंश यायला हवा. नसेल येत तर कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे की रेडियनमध्ये ते बघ म्हणावं.

खडू-फळा
विजेरी, हे उदाहरण मुद्दाम रचलंत का? ईएक्सवर दशांश न करता अपूर्णांकात उत्तर ठेवून बघा. पहिला करंट ९४/८९ − j८/८९, दुसरा ८८/८९ + j१४४/८९. ८९ आणि १४४ या फिबोनाचीच्या लागोपाठच्या संख्या! अशा जोडीचा भागाकार सुवर्ण गुणोत्तराजवळ येतो, म्हणून तो १.६१८ दिसतोय.

विजेरी
सर, शपथेवर सांगते, सुचले ते आकडे लिहिले होते. आत्ता डिटर्मिनंटच्या परिमाणाचा वर्ग करून बघितला. ३२४ + १२१ = ४४५ = ५ × ८९. निव्वळ योगायोग. आज ऑफिसात सगळ्यांना दाखवणार.

डॅलसचा मामा
भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ठेव फोन, मी मित्राचा ईएक्स घेऊन येतो."